परत सांग

आमच्या घरमालकांच्या घरात ‘बहुतेक’ हा शब्द चालत नसे. वरची टाकी भरली का, असं त्यांनी खालून विचारायचं आणि मी ‘बहुतेक भरली असंल’ म्हणायचं, की संपलं. हातातलं काम बाजूला ठेवून ते माझ्याकडं बघायचे. रागानं नाही. स्क्रूचा आटा गेलाय का, हे बघतात तसं.

“बहुतेक म्हंजे बघितलं न्हाई. जा, बघून ये.”

टाकीच्या झाकणावर त्यांनी रंगानं लिहिलं होतं, ‘उघडून बघा, अंदाज करू नये.’ असलं लिखाण घरभर होतं. नळावर ‘अर्धा आटा पुरे’. जिन्याच्या चौथ्या पायरीवर ‘ही उंच आहे’. मागच्या दारावर ‘कडी लागली असे वाटते, लागत नाही’. मला हे शेवटचं फार आवडायचं, कारण मी मुळातच घाबरट. खोलीला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, की परत येऊन कुलूप ओढून बघणार. दुसऱ्या कुठल्या घरात हसले असते. यांनी एकदा मला असं परत आलेलं पाहिलं आणि म्हणाले, “बराबर हाय. दोनदा बघनारा मानूस फौजेत लय दिवस टिकतो.”

मला बरोबर म्हणणारं त्याआधी फारसं कुणी भेटलं नव्हतं. मी जत तालुक्यातला. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि दोन्हीत अडखळणारा. नववीत दोनदा नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. बरीच वर्षं इकडंतिकडं काढून कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. तिथून सायकलच्या अंतरावर यांची माडीवरची खोली भाड्यानं मिळाली. तिथं चार वर्षं राहिलो.

ते मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावजवळच्या एका गावातले. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसवर, हवालदार होते. निवृत्त झाल्यावर सांगलीत एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला लागले आणि तिथं आपले आपणच प्रोग्राम लिहायला शिकले. बायको मी यायच्या आधीच वारलेली. मूलबाळ नव्हतं. गल्ली त्यांना हवालदार म्हणायची, मी आण्णा म्हणायचो. फोन उचलला की हॅलो नाही, “बोला, ओव्हर.” समोरच्यानं ओव्हर म्हटल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. गॅसवाला, दूधवाला, सगळे शिकले होते. दूधवाला तर सकाळी दारातच ओरडायचा, “एक लिटर, ओव्हर!”

पुढच्या खोलीत टॉवेलखाली त्यांचा कॉम्प्युटर असे. त्यावर ते एका एडिटरचं काम करायचे. एडिटर म्हणजे नुसता मजकूर लिहायचा प्रोग्राम, कोरी वही समजा. हा फुकट मिळणारा होता आणि देशोदेशीची माणसं आपापल्या वेळात मिळून तो बनवत. कुणाला दोष सापडला तर तो कळवायचा, ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करायचा. पैसे कुणालाच नाहीत. मला काही केल्या हे पटेना. मी विचारलं, मग करायचं कशाला?

“भजनी मंडळात कोन पगार देतं का? कुनी बोलवत न्हाई, कुनी हाकलत न्हाई. टाळ घ्यायचा आन बसायचं.”

पत्राखाली ते नावापुढं ‘एक्स-हवालदार’ असं लिहीत. परदेशातल्या कुणाला ते आडनाव वाटलं. तेव्हापासून तिकडून ‘प्रिय मिस्टर एक्स-हवालदार’ अशी पत्रं येऊ लागली. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. “ऱ्हाऊ दे. निदान रँक तरी ठेवली.”

मी कामावरून येऊन पायरीवर नुसता बसलेला दिसलो, की आतून आवाज यायचा, “कर्सर कुठं हाय गड्या?”

कर्सर म्हणजे पडद्यावर लुकलुकणारी ती काडी. ती जिथं असेल तिथंच पुढचं अक्षर उमटतं.

“जतला, आण्णा.”

“मग हितं काय बी टाइप केलंस तरी तिकडंच उमटंल. आदी जेव.”

आता मी आखातात एका गोदामात आहे. खोक्यांवर चिकटवायच्या लेबलांच्या मशीनवर. लेबलावर अर्ध्यात इंग्रजी, अर्ध्यात अरबी. अरबी मला वाचता येत नाही, पण कुठं उलटसुलट पडलं तर लगेच दिसतं, आणि त्या नजरेमुळंच मला ही जागा मिळाली. ती नजर कुठून आली तेच सांगायला बसलोय. खोलीत आम्ही सहाजण, सहा भाषांचे. मी काही सांगायला गेलो की समोरचा ‘ठीक है, ठीक है’ म्हणून मान फिरवतो. गेल्या वर्षी आण्णा गेले. मला फोन चौथ्या दिवशी आला. त्या दिवशी मी गोदामाचं कुलूप सात वेळा ओढून बघितलं.

आण्णा महिनाभर स्लिपरवर असत. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आदल्या शनिवारी संध्याकाळी, फौजेतले काळे बूट बाहेर निघत. पायरीवर पोतं टाकून पॉलिश चाले. ब्रश, मग कापड, मग तोंडाची वाफ. रविवारी पहिल्या गाडीनं ते साताऱ्याला जात आणि संध्याकाळी परत येत. कोपऱ्यावरचा चहावाला दर वेळी डिवचायचा, “निघाले का हवालदार सासरवाडीला?”

“व्हय. बॅटरी चार्ज करून येतो,” असं म्हणून ते पुढं जात.

सासरवाडी नव्हती. फौजेतल्या त्यांच्या जोडीदाराची बायको साताऱ्यात होती. जोडीदार साताऱ्याचाच, मुसलमान. दोघं एकाच तुकडीत, बरीच वर्षं एकाच तंबूत. बर्फात अडकून पडले असताना त्यानं आण्णांना उर्दू अक्षरं शिकवली होती. निवृत्तीनंतर तो लवकर गेला. भाभी उर्दू शाळेत शिक्षिका होत्या. आता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका बोळात, दोन खोल्यांत एकट्या राहत. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत.

नवऱ्यानं फौजेतून पाठवलेली पत्रं भाभींनी लाकडी पेटीत जपून ठेवली होती. एका पावसाळ्यात उघडली तर वाळवीनं सगळी खाल्लेली, नुसता भुगा. पण भाभींना ती पाठ होती. तेव्हा आण्णांनी त्यांना एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला. त्यात उर्दू कीबोर्ड आणि आपला तो एडिटर घातला. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना दिसावं म्हणून अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं केलं, आणि लांब ओळ पडद्याच्या कडेला पोचली की आपोआप खालच्या ओळीत दुमडावी असं करून ठेवलं. भाभी रोज थोडी थोडी पत्रं आठवून लिहीत होत्या. त्यांच्या डोक्याबाहेर ती आता कुठंच नव्हती.

मी पहिल्यांदा बरोबर गेलो तो आण्णांचा गुडघा धरला होता म्हणून. भाभींसाठी यूपीएस न्यायचा होता, तो दगडासारखा जड. बोळात पोचल्यावर आण्णा बाहेरच्या खुर्चीवर बसले ते तिथंच. चहा तिथंच, पोहे तिथंच. मी म्हटलं, आत या की.

“बाईमानूस नवऱ्याची पत्रं लिवतीया. आपन कशाला त्यात डोकवायचं?”

निघताना ते आत जात, फाइलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेत आणि तोंड फिरवून बाहेर येत. दर महिन्याची प्रत घरी वेगळी ठेवलेली. ठेवायची, वाचायची नाही. हा त्यांचा नियम.

मी आत यूपीएस जोडत होतो. भाभींनी विचारलं, “बेटा, तुला उर्दू वाचता येतं?”

“नाही.”

“मग बस इथंच. वाचता न येणारा माणूस चालतो मला,” म्हणून त्या हसल्या.

मी स्टुलावर बसलो. त्या आधी उर्दूत पुटपुटायच्या, मग माझ्यासाठी मराठीत सांगायच्या आणि मग टाइप करायच्या. काल रात्रभर बर्फ पडला, सकाळी दार उघडेना, आत दोघं बसलो आणि मला तुझ्या हातच्या भाकरीचा वास आला. असलं काहीतरी होतं. मी पडद्याकडं बघत होतो. अक्षर येत नसल्यामुळं मला नुसत्या आकृत्या दिसत होत्या. उजवीकडून डावीकडं एकेक आकृती बसत चालली होती.

मध्येच भाभी थांबल्या. “बघ. परत झालं. बर्फ खाली कसा गेला? मी आधी बर्फच लिहिला होता ना?”

त्यांनी काही शब्द पुसले, दुसरीकडं लिहिले. परत पुसले. मग दाराकडं बघून हळूच म्हणाल्या, “बाहेर सांगू नको हं. लेक म्हणतो, अम्मी, तुम्हाला विसर पडायला लागलाय. मलाही वाटायला लागलंय.”

मी जे बघितलं ते असं. आमच्या वर्कशॉपमध्ये माल क्रेटात भरतात. क्रेट भरला की नवा नग दुसऱ्या क्रेटात जातो, जुने जागेवरच राहतात. इथं वरची ओळ भरली तेव्हा नवं अक्षर खाली गेलं नाही. सगळ्यात आधी लिहिलेल्या आकृत्या उचलून खालच्या ओळीत टाकल्या गेल्या आणि नवीन अक्षरं वरच उमटत राहिली. भाभींनी हातसुद्धा लावला नव्हता.

मी गप्प बसलो. उर्दूचं असंच असेल, असं वाटलं. एक शिक्षिका, एक प्रोग्राम लिहिणारा, आणि मी नववी नापास. त्यात भाभींनीच सांगू नको म्हटलेलं. गाडीत आण्णांनी विचारलं, “यूपीएस चालतोय का?” मी म्हटलं, “चालतोय.” ते दोनदा बघितलं होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बोळात शिरलो तर दारात गाडी उभी. मुलगा आला होता. मुलगा वाईट नव्हता. बोलणं मऊ, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यानं आण्णांना वाकून नमस्कार केला.

“काका, मी तिला घेऊन जातो. एकटीला इथं ठेवायचं धाडस होत नाही आता. परवा गॅसवर दूध उतू गेलं. आणि दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर तेच तेच पुसत बसते.”

“दूध कुनाचं बी उतू जातं रं.”

“पण काका, तुम्हीच म्हणालात ना फोनवर? मला उर्दू वाचता येत नाही म्हणून मी तुम्हाला फाइल वाचायला सांगितली. तुम्ही म्हणालात, वाक्यं कुठल्या कुठं गेलीत, मलाही तसंच वाटतंय.”

हे मला माहीत नव्हतं. भाभींनाही नव्हतं. त्या दारात उभ्या होत्या, हातात दोन कप चहा. आण्णांकडं बघून त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा?”

आण्णांनी मान खाली घातली. बुटांत आभाळ दिसेल अशी पॉलिश होती.

भाभींनी चहा ठेवला, आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर ओढणी टाकली. जेवायच्या आधीच त्या गाडीत बसल्या. मुलानं कुलूप लावलं. मी सवयीनं ते ओढून बघितलं. लागलं होतं.

परतीच्या एसटीत आण्णा खिडकीशी बसले. कऱ्हाड मागं पडलं. मी म्हटलं, “आण्णा, एक सांगू का? बहुतेक...”

“बहुतेक नगं.”

“न्हाई, बघितलंय. डोळ्यांनी बघितलंय.”

ते वळले. मी सांगितलं. क्रेटाचं, आधीच्या आकृत्या खाली गेल्याचं, भाभींनी हात न लावल्याचं. सांगताना जीभ अडखळत होती, कन्नड मध्ये येत होतं. ते हसतील म्हणून मी त्यांच्याकडं न बघता पुढच्या सीटच्या दांडीकडं बघून बोलत होतो.

“परत सांग.”

परत सांगितलं.

“आता नंबर घालून दाखीव.”

खिडकीच्या काचेवर धूळ होती. तिच्यावर मी बोटानं चौकोन काढले, उजवीकडून, एक ते आठ. मग ओळ भरल्यावर काय झालं ते खाली काढलं. वर पाच ते आठ. खाली एक ते चार.

आण्णा बराच वेळ त्या काचेकडं बघत राहिले. गाडी हादरली की आकडे हादरत होते.

“आदी उलटवतंय,” ते म्हणाले. “आदी उलटवतंय आन मग मोडतंय.”

मला समजेना. मग त्यांनी पलटणीवर समजावलं. कॉम्प्युटर पोटात शब्द बोलायच्या क्रमानंच ठेवतो, पहिला तो पहिला. उर्दू उजवीकडून लिहितात म्हणून पडद्यावर दाखवताना ते उलटवावे लागतात. “आता पलटन दोन रांगांत हुभी करायची हाय. आदी रांगा पाडायच्या, मग एकेका रांगेला पीछे मुड म्हनायचं. ह्यो गडी काय करतोय, सगळ्या पलटनीला एकदम पीछे मुड करतोय, आन मग रांगा पाडतोय. म्हंजे शेपूट पयल्या रांगेत, मुंडकं दुसऱ्या.”

“पण आण्णा, तुमच्या घरी कधी दिसलं न्हाई?”

“माझं अक्षर बारीक. आन मी ओळ दुमडू देतच न्हाई, लांबच्या लांब ठेवतो. दुमडल्याबिगर ह्यो दोष दिसनारच न्हाई.” ते थांबले. “अक्षर मीच मोठं करून दिलं तिला. ओळ दुमडायला मीच लावली.”

पुढचंही त्यांनीच सांगितलं. भाभींना पडद्यावर वाक्य उलटं दिसे, म्हणून त्या ते सरळ करायला जात. पण आत ते सरळच होतं. म्हणजे सरळ होतं ते त्यांच्या हातून मोडत गेलं. म्हणून आण्णांनी जेव्हा नियम मोडून फाइल वाचली तेव्हा त्यांना खरोखरच मोडलेली वाक्यं मिळाली.

मी म्हटलं, “आण्णा, मी हे महिन्यापूर्वीच बघितलं होतं.”

“आन तवाच का न्हाई...” एवढं बोलून ते काचेकडं वळले. पेठ नाका गेला तेव्हा म्हणाले, “तू निदान गप बसलास. म्या तर बोललो.”

पुढचे तीन आठवडे त्यांनी दाढी केली नाही. परदेशातल्या मंडळींना कळवलं तर पहिलं उत्तर आलं, इकडं तर बरोबर दिसतंय. आण्णा उखडले. “बराबर दिसतंय म्हनं! दुमडून बघितलंय का?” मग पडद्याचे फोटो पाठवले. मग त्यांनी दुमडून बघितलं आणि मानलं, पण ते काम हातात घ्यायला कुणाला सवड नव्हती. “टाळ आपल्याच हातात हाय,” म्हणून आण्णाच बसले.

मी कामावरून आलो की मला शेजारी बसवायचे. “तू बघ. मी वाचतो, त्यामुळं मला जे असायला पायजे तेच दिसतं. तुला वाचता येत न्हाई, तुला हाय तेच दिसंल.” मी आकृत्या मोजायचो. आधी आलेली वर आहे का, नंतरची खाली गेली का. ओळी सरळ झाल्या तर कर्सर बिघडला. एका अक्षरावर टिचकी मारावी तर काडी तिसरीकडंच जाऊन बसे. आण्णा कपाळावर हात मारून म्हणायचे, “आता ह्याचा बी कर्सर जतला गेला.” आकडे आले की वेगळंच, कारण उर्दूतही आकडे डावीकडूनच वाचतात. मधे मराठी गावाचं नाव आलं की आणखी वेगळं. एकेक करत सगळं जागेवर आलं, दुरुस्ती परदेशातल्या मंडळींकडं गेली, आणि एका सकाळी दूधवाल्यानं ओव्हर म्हणायच्या आधीच आण्णांनी दार उघडून त्याला सांगितलं, “घेतलं रं त्यांनी! घेतलं!” दूधवाल्याला वाटलं दूध कुणी घेतलं.

दुरुस्तीच्या टिपणात, दोष प्रथम कुणी पाहिला त्या जागी, त्यांनी माझं नाव घातलं होतं. मी घाबरलो. म्हटलं, आण्णा, काढा ते. शिकलेल्या माणसांत नववी नापासाचं नाव कशाला?

“हितं इयत्ता इचारत न्हाईत,” असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर टॉवेल घातला.

मग पत्रांचं काम. दर महिन्याच्या सगळ्या प्रती होत्याच. त्या शेजारी शेजारी उघडून, भाभींनी पहिल्यांदा काय लिहिलं होतं आणि नंतर काय हलवलं, हे शोधायचं. आता वाचण्यावाचून इलाज नव्हता. “भाभी, माफ करा,” असं त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणून त्यांनी सुरुवात केली. बोट ठेवून वाचायचे, बालवाडीतल्यासारखं. एका पत्रापाशी खूप वेळ थांबले. मी विचारलं, काय झालं?

“माझंच लिवलंय. म्हनतोय, माझ्या तंबूत कोरेगावचा एक गडी हाय, प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो, म्हनून मी निवांत झोपतो. तू काळजी करू नगंस.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आन त्याच्याच बायकोच्या बाबतीत म्या एकदाच बघितलं.”

सगळी पत्रं मोठ्या अक्षरात छापून त्यांनी पुण्याच्या पत्त्यावर पाठवली. सोबत मराठीत चिठ्ठी, दोनच ओळी. ‘दोष यंत्रात होता, तुमच्यात नव्हता. माझ्यातही होता.’

आठ दिवसांनी दुपारी फोन वाजला. आण्णांनी नेहमीसारखा स्पीकर लावला. “बोला, ओव्हर.”

मग भाभींचा आवाज. “मी हेच लिहिलं होतं. अगदी हेच. ओव्हर.”

फोन टेबलावर, ते खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. पलीकडून भाभी म्हणाल्या, “लेकाला वाचून दाखवलं. त्याच्या वडिलांचं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. मी घरी चाललेय. ओव्हर.” आण्णा तरी बोलले नाहीत. शेवटी तिकडून फोन बंद झाला.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी बूट निघाले. पोतं, ब्रश, कापड, वाफ. सकाळी ते बूट घालून, पिशवी घेऊन पायरीवर बसले. मीही आवरून आलो. गाडीची वेळ झाली तरी उठेनात.

“आण्णा, चला की. गाडी जाईल.”

“गुडगा धरलाय. तूच जा. नवा एडिटर घालून दे तिला.” पेन ड्राइव्ह माझ्या हातात देऊन ते बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

पहिल्यांदाच मी एकटा गेलो. भाभी पोचल्या होत्या, दार उघडं होतं. मी नवीन एडिटर घातला, त्यांनी टाइप करून बघितलं. ओळ भरली, नवं अक्षर खाली गेलं, जुनी जागेवर राहिली. त्या पडद्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते कुठायत?”

“गुडघा दुखतोय त्यांचा.”

“गुडघा?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “बहुतेक लाज वाटत असेल.”

मी म्हटलं, “बहुतेक नाही.”

भाभी हसल्या, मग ओढणीनं डोळे पुसले. “त्यांना सांग, माझं डोकं गेलं असं मलाच वाटलं होतं. मीच माझ्यावर विश्वास ठेवला नाही, मग त्यांनी ठेवला नाही म्हणून रुसू कशाला? आणि सांग, बाहेरची खुर्ची मी आत घेतलीये. बाहेर ऊन लागतं. आता पत्रं वाचलीतच, तर आत बसायला काय हरकत आहे?”

गाडीत मी हा निरोप सांगलीपर्यंत घोकत आलो. एक शब्द इकडचा तिकडं होऊ नये म्हणून ओठ हलत होते. शेजारचा माणूस सरकून बसला.

घरी आलो तर आण्णा स्लिपर घालून पायरीवरच होते. सकाळी होते तसेच. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

“परत सांग.”

परत सांगितलं.

“खुर्चीचं परत सांग.”

“बाहेरची खुर्ची आत घेतलीये. बाहेर ऊन लागतं.”

ते उठले, आत गेले. पुढचा पहिला रविवार अजून चार आठवडे लांब होता. मला आतून पॉलिशची डबी उघडल्याचा आवाज आला.